अँटिव्हायरस ‘फक्त पाच मिनिटं’ बंद करायचा असेल तर

प्रश्न असा आहे: घरच्या विंडोज संगणकावर एका जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर टाकायचं आहे. सोबतच्या माहितीपत्रकात ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलंय. बंद न करता एकदा प्रयत्न केला, तर काम मधेच अडकलं. पाच-दहा मिनिटं अँटिव्हायरस बंद ठेवला तर खरंच काही बिघडतं का? आणि तेवढ्या वेळापुरतं इंटरनेट काढून ठेवलं तर पुरेसं आहे का?

संगणक अद्ययावत आहे, राउटरच्या मागे आहे आणि तुम्ही हाताची घडी घालून नुसते समोर बसला आहात, तर पाच मिनिटांत बहुधा काहीही होणार नाही. पण तुम्ही हाताची घडी घालून बसणार नाही आहात. अँटिव्हायरस बंद करणार तोच मुळी एक फाइल चालवण्यासाठी, आणि तीही अशी की जिच्यावर त्याने आक्षेप घेतलाय किंवा तो घेईल अशी शंका आहे. वर्षभरातल्या सगळ्या मिनिटांतून पहारा उठवायला आपण नेमकी तीच पाच मिनिटं निवडतो. त्यामुळे ‘किती वेळ’ हा हिशेब मी नंतर करतो. बंद करायला कोण सांगतंय आणि त्या वेळात काय उघडलं जाणार आहे, हे आधी विचारतो.

घरगुती संगणक दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. व्हायरसने घोळ घातलेला संगणक टेबलावर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘शेवटचं काय टाकलंत?’ त्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसरा प्रश्न: ‘ते टाकताना अँटिव्हायरस चालू होता?’ इथे थोडी शांतता होते. मग, ‘हो... म्हणजे, तेवढ्यापुरता बंद केला होता.’

बंद केल्यावर नेमकं काय बंद होतं, ते आधी पाहू. विंडोजसोबत येणारा तिचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, घ्या. त्यातलं ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसलेला एक फिल्टर. कुठलीही फाइल लिहिली जाते, उघडली जाते किंवा चालवली जाते, तेव्हा ती विनंती या फिल्टरमधून जाते. ‘थांब, आधी बघू दे’ असं म्हणून तो फाइल तपासतो आणि मगच पुढे सोडतो. स्क्रिप्ट्सवरची नजर, चालू प्रोग्रामच्या वागण्यावरची नजर, संशय आला तर क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरला, विचारणं, हे सगळं याच पहाऱ्याचा भाग. बटण ‘ऑफ’ केलं की हे सारं एकदम थांबतं. नेटवरून होणारी ये-जा अडवणारी फायरवॉल वेगळी असते, ती चालू राहते. ठरलेल्या वेळी होणारं स्कॅनही होतं. ब्राउझरमधून आलेल्या अनोळखी फाइलवर निळी पाटी दाखवणारं स्मार्टस्क्रीनही वेगळं आहे.

विकतचा किंवा फुकटचा दुसरा अँटिव्हायरस असेल, तर मात्र ‘सगळं बंद करा’ या एका क्लिकमध्ये त्याची फायरवॉल आणि वेबसाइट तपासणारा भागही जाऊ शकतो. मेनू नीट वाचा. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. मग त्या दुसऱ्याला तात्पुरतं झोपवलं, तर डिफेंडर लगेच जागा होऊन पहाऱ्यावर येईल असं धरून चालू नका. त्या वेळात दारात कुणीच नाही असंच समजा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: ‘परत चालू केला की राहिलेलं तो बघून घेईल.’ हे मी एकदा मुद्दाम करून पाहिलं. आयकार नावाची एक चाचणी-फाइल असते. अवघ्या ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी. पण जगातले जवळपास सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस म्हणून पकडतात, कारण तिचं कामच ते आहे. पहारा चालू असताना ती ६८ अक्षरं नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह केली, तर फाइल डेस्कटॉपवर टिकलीच नाही, क्षणात क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या कोठडीत, गेली. मग पहारा बंद केला, पुन्हा तशीच फाइल एका फोल्डरात आतवर सेव्ह केली, फोल्डर बंद केला आणि पहारा चालू केला. हिरवी खूण परत आली, ‘कोणतीही कृती आवश्यक नाही’ अशा अर्थाचा मजकूर दिसला. फाइल मात्र जागची हलली नव्हती. चहा पिऊन आलो तरी तिथेच. तिच्यावर डबल-क्लिक केल्यावर मात्र तिला पकडलं.

यातून समजायचं ते असं की हा पहारेकरी दारावर उभा असतो. तो नसताना आत आलेल्यांची यादी त्याच्याकडे नसते. त्यांच्यापैकी कुणी हालचाल केली तर तो पकडेल, नाहीतर पुढच्या स्कॅनची वाट. आणि आयकारची फाइल निपचित पडलेली होती. खरा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, असता तर तो त्या काळात चालूच झाला असता. चालू झालेला प्रोग्राम आणि नुसती पडून असलेली फाइल यांत फार फरक आहे. चालू झालेल्याने तोवर स्वतःची सोय लावलेली असते: स्टार्टअपमध्ये नोंद, टास्क शेड्युलरमध्ये एखादं साळसूद नावाचं काम, एखादी सर्व्हिस. इन्स्टॉल करताना विंडोजने विचारलेल्या ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ या प्रश्नाला तुम्ही ‘हो’ म्हणालेले असता, म्हणजे अधिकारही ॲडमिनिस्ट्रेटरचे मिळालेले. अशा अधिकाराने तो आणखी एक चलाखी करतो. ती मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता सवयीने सगळ्यात आधी तिथेच जातो. अँटिव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते, म्हणजे ‘इथे तपासू नकोस’ अशा जागांची. घरगुती संगणकावर ती सहसा रिकामी असते. एका संगणकावर ती उघडली तर एकच ओळ होती: अख्खा सी ड्राइव्ह. अँटिव्हायरस चालू, खूण हिरवी, अपडेट कालचं, रोज स्कॅन होत होतं. आणि विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तोच तपासायचा नाही, असं त्याला सांगून ठेवलेलं. घरातल्या कुणालाही पत्ता नव्हता.

वेळेचं म्हणाल, तर पाच मिनिटं आपल्याला कमी वाटतात, संगणकाला नाही. २०२२ मध्ये स्प्लंक या कंपनीच्या संशोधकांनी रॅन्समवेअरचे, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचे, दहा प्रकार घेऊन त्यांचा कुलूप लावण्याचा वेग मोजला. जवळपास एक लाख फाइल्स, साधारण ५४ जीबी. मधला वेळ सुमारे ४३ मिनिटं आला, पण सगळ्यात चपळ निघालेल्या लॉकबिटने हे काम सहा मिनिटांच्या आत उरकलं. आणि तुमच्या महत्त्वाच्या फाइल्स काही एक लाख नसतात.

तरी घरगुती संगणकावर मला रॅन्समवेअरपेक्षा जास्त भीती माहिती चोरणाऱ्या प्रकाराची वाटते. रेडलाइन, लुमा अशा नावांचे हे चोर. यांना संगणकात राहायचंच नसतं. आले, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलल्या, बाहेर पाठवल्या, पुष्कळदा स्वतःची फाइलही पुसून टाकली. एवढं व्हायला एखाद-दोन मिनिटं पुरतात. नंतर अँटिव्हायरस चालू करून पूर्ण स्कॅन केलं, तर तो सांगणार ‘काही सापडलं नाही’, आणि ते खरंच असणार, कारण चोर माल घेऊन निघून गेलेला असतो.

कुकीचं महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ईमेलमध्ये एकदा लॉगिन करता आणि मग आठवडेच्या आठवडे पासवर्ड विचारला जात नाही, कारण ‘ही व्यक्ती आत आलेली आहे’ अशी चिठ्ठी ब्राउझरने सांभाळून ठेवलेली असते. ती चिठ्ठी चोरली की पासवर्ड लागत नाही, मोबाइलवर येणारा ओटीपीही लागत नाही. मार्च २०२३ मध्ये लिनस टेक टिप्स या कॅनडातल्या मोठ्या यूट्यूब चॅनेलचा ताबा असाच गेला होता. प्रायोजकाकडून आलेली वाटणारी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली, तिने ब्राउझरमधला डेटा उचलला, आणि चॅनेलवर क्रिप्टोचलनाच्या फसवणुकीचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. ज्यांचा व्यवसायच संगणकाबद्दल बोलण्याचा, त्यांची ही गत.

एक गोष्ट उलट बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर मी उगाच बागुलबुवा उभा करतोय असं वाटेल. ‘अँटिव्हायरस बंद केला रे केला की इंटरनेटवरून व्हायरस धावत येतात’ ही समजूत २००३-०४ च्या काळातली आहे, आणि त्या काळात ती बरीचशी खरी होती. ऑगस्ट २००३ मधला ब्लास्टर किंवा २००४ मधला सॅसर हे किडे कुणी काही क्लिक न करता, थेट नेटवर जोडलेल्या विंडोजमध्ये शिरायचे. नवी विंडोज टाकून अपडेट डाउनलोड होईपर्यंत संगणक बाधित झाल्याचं मी स्वतः पाहिलंय. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटने फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, घराघरांत राउटर आले, आणि हा धोका खूप कमी झाला. पूर्ण संपला नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला तो याच पद्धतीने. पण त्याचं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्यात तो त्या भोकातून शिरू शकला नाही, मग अँटिव्हायरस चालू असो वा नसो. म्हणून बाहेरून आपोआप घुसणाऱ्यांची चिंता असेल, तर अँटिव्हायरसच्या पाच मिनिटांपेक्षा विंडोजची थकलेली अपडेट्स जास्त महत्त्वाची. विंडोज १० वापरत असाल तर तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही लक्षात असू द्या.

मग सूचनापत्रकं ‘बंद करा’ असं का लिहितात? पूर्वी याला सबळ कारण होतं. इन्स्टॉलर शेकडो छोट्या फाइल्स तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो. त्या काळचे अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासायला धरून ठेवायचे, तेवढ्यात इन्स्टॉलर तीच फाइल हलवायला जायचा, ती अडकलेली दिसली की चूक दाखवून थांबायचा. ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजला एखादं यंत्र चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बाबतीत तर हमखास. तेव्हा कुणीतरी लिहिलेलं ते वाक्य पुढे वर्षानुवर्षं एका पत्रकातून दुसऱ्यात उतरवलं गेलं. मदतकेंद्रातली माणसंही सगळ्यात आधी तेच सांगतात, कारण तपासणीच्या यादीत ती पहिली ओळ असते. आजच्या विंडोजवर साधं, सरळ, बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअर अँटिव्हायरस चालू ठेवून बसत नाही, असं मी क्वचितच पाहतो.

अँटिव्हायरस चुकतो हेही खरं. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरचे संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले. त्यामुळे ‘अँटिव्हायरस म्हणतोय म्हणजे ब्रह्मवाक्य’ असं मी म्हणणार नाही. पण तो चुकला की बरोबर होता, हे त्याला गप्प करून कळत नाही.

सगळ्यात वाईट ‘बंद करा’ क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, सॉफ्टवेअरसोबत येतं. तिथे एक छोटी मजकूर-फाइल असते: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही झिप उघडा, पासवर्ड १२३४. पासवर्ड कशाला, याचा विचार केलाय कधी? कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून. डाउनलोड होताना माल पकडला जाऊ नये याची ती सोय, आणि उलगडताना पकडला जाऊ नये म्हणून पहारा तुम्हीच उठवायचा. वर समजूत घालायला एक ओळ: ‘क्रॅक असल्यामुळे अँटिव्हायरस खोटा इशारा देतो, घाबरू नका.’ अर्धसत्य असल्यामुळे ही ओळ फार परिणामकारक ठरते. क्रॅक्सवर सरसकट ‘हॅकटूल’ असा शिक्का बसतो हे खरंच आहे, आणि खरा चोर त्याच शिक्क्याआड लपतो.

२०१९ मध्ये विंडोजने ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आणलं. कुठलाही प्रोग्राम परस्पर डिफेंडर बंद करू शकू नये, यासाठी ते आहे. पण सेटिंग्जमध्ये जाऊन माणूस स्वतःच्या हाताने पहारा बंद करू शकतो, ती मुभा ठेवावीच लागते. मग ज्यांना तो बंद हवा असतो ते कुलूप फोडण्याच्या भानगडीत पडत नाहीत, घरातल्याच माणसाकडून आतून कडी काढून घेतात. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडलाय’ असं सांगणारे फोन येतात, त्यातही दूरनियंत्रणाचं ॲप टाकायला लावल्यावर पुष्कळदा पुढची पायरी हीच असते. फोनवरचा अनोळखी माणूस अँटिव्हायरस बंद करायला सांगत असेल, तर तिथे दुसरा विचार करायची गरज नाही, फोन ठेवा.

मी स्वतः काय दिवे लावलेत, तेही सांगतो. एका जुन्या डिस्कवरून हजारो फोटो लॅपटॉपवर घ्यायचे होते, वेग मिळेना. अँटिव्हायरसच्या मेनूत पर्याय होते: १० मिनिटं, १ तास, रीस्टार्ट होईपर्यंत, कायमचा. दहा मिनिटांत होणार नाही म्हणून ‘रीस्टार्ट होईपर्यंत’ निवडला. वाटलं, रात्री बंद करीनच की. पण लॅपटॉप आपण बंद कुठे करतो? झाकण मिटतो, तो झोपतो. सकाळी झाकण उघडतो, तो उठतो. मधे दोनदा ‘शट डाउन’ केला होता, पण विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन म्हणजे पूर्ण रीस्टार्ट नसतो, गाभा तसाच गोठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होतो. बारा दिवसांनी घड्याळाशेजारच्या चिन्हावरची लाल फुली दिसली. बारा दिवस, आणि मी या धंद्यातला. डिफेंडरचं याबाबतीत बरं आहे, त्याचं बटण बंद केलं तरी थोड्या वेळाने तो आपण होऊन चालू होतो. दुसरा कुठला असेल तर वेळेचा सगळ्यात छोटा पर्याय निवडा. कमी पडला तर पुन्हा दहा मिनिटं घ्या.

आता तुमच्या स्कॅनरकडे येतो. आधी हे बघा की काम अँटिव्हायरसमुळेच अडकलंय का. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ असते. इन्स्टॉल अडकलं त्या वेळेची नोंद तिथे नसेल, तर अँटिव्हायरसचा संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. जुना ड्रायव्हर तुमच्या विंडोजसाठी बनलेलाच नसेल. तसं असेल तर पहारा तासभर बंद ठेवूनही उपयोग नाही. मला अशा तक्रारींत बऱ्याचदा हेच कारण सापडतं. नोंद असेलच, तर ती उघडून नाव वाचा. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ने अडवलं असेल, तर प्रोग्राम डॉक्युमेंट्ससारख्या जपलेल्या फोल्डरात लिहू पाहत होता; प्रोग्राम ओळखीचा असेल तर त्या एकाला परवानगी दिली की झालं. नावात ‘पीयूए’ असेल, तर सॉफ्टवेअरसोबत चिकटवलेला एखादा टूलबार किंवा जाहिरातबाज भाग असू शकतो. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ ही अक्षरं असतील, तर तो मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज आहे. तिथे चूक होण्याला वाव असतो. एखाद्या चोराच्या टोळीचं नेमकं नाव घेतलं असेल, तर ‘खोटा इशारा’ म्हणून सोडून देण्याआधी दहादा विचार करा.

मग फाइल कुठून आली ते पाहा. सोबतच्या सीडीवरची, की बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरची, की ‘फुकट ड्रायव्हर’ वाटणाऱ्या कुठल्यातरी तिसऱ्या साइटवरची? तिसरी असेल तर विषय संपला, ती पुसून टाका. फाइलवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिजिटल सिग्नेचर्स’. तिथे कंपनीचं नाव आणि सही वैध असल्याचं दिसतं. व्हायरसटोटल या साइटवर फाइल टाकली तर सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसांची मतं एकदम मिळतात. सत्तरातल्या दोघांनी, तेही कधी न ऐकलेल्या दोघांनी, बोट दाखवलं तर मी फार मनावर घेत नाही. वीस जणांनी दाखवलं तर मनावर घेतो. खासगी कागदपत्रं मात्र तिथे टाकू नका, टाकलेली फाइल इतर संशोधकांना मिळू शकते. आणि सही वैध असली म्हणजे शंभर टक्के हमी, असंही नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, खऱ्या सहीसकट, आत मालवेअर घेऊन महिनाभर वाटली जात होती. अशी उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत.

एवढं करून फाइल ठीक वाटली, तर सगळा पहारा उठवण्याऐवजी तेवढ्याच एका फाइलला परवानगी द्या. प्रोटेक्शन हिस्टरीतल्या नोंदीवरच ‘अलाउ’चा पर्याय असतो. किंवा एक नवा, रिकामा फोल्डर बनवा, फक्त तोच एक्सक्लूजनमध्ये घाला आणि इन्स्टॉलर त्यात ठेवून चालवा. ‘डाउनलोड्स’ फोल्डर कधीही एक्सक्लूजनमध्ये घालू नका. जगातला सगळा अनोळखी माल तिथेच येऊन पडतो. प्रोग्रामचं नाव ‘प्रोसेस’ म्हणून घालतानाही सांभाळा. त्याचा अर्थ पुष्कळांना ‘हा प्रोग्राम तपासू नकोस’ असा वाटतो. प्रत्यक्षात डिफेंडरमध्ये त्याचा अर्थ ‘हा प्रोग्राम ज्या-ज्या फाइल्स उघडेल त्या तपासू नकोस’ असा होतो, म्हणजे सूट बरीच मोठी मिळते.

आणि तरीही नाहीच बसलं, पूर्ण बंदच करावा लागला, तर इंटरनेट काढण्याची तुमची कल्पना चांगली आहे. पण तिची मर्यादा ओळखा. नेट नसेल तर बाहेरून काही येणार नाही, आतलं काही बाहेर जाणार नाही, आणि जे मालवेअर आधी छोटा तुकडा पाठवून बाकीचं नंतर मागवतात त्यांचा तात्पुरता खोळंबा होईल. फाइलमध्येच सगळा माल भरलेला असेल तर तो नेटशिवायही बसेल आणि नेट येण्याची वाट पाहील. म्हणून क्रम महत्त्वाचा. ब्राउझर, मेल, मेसेजिंगची ॲप्स बंद. बॅकअपची बाहेरची डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढलेले. मग नेट काढायचं, पहारा बंद, इन्स्टॉल, पहारा चालू, त्या फोल्डरचं स्कॅन, आणि सगळ्यात शेवटी नेट. घाईत लोक नेट आधी जोडतात आणि पहारा ‘करतो नंतर’ म्हणून सोडून देतात.

हे वाचत असलेल्या कुणी आधीच बंद करून काही चालवलं असेल आणि आता पाल चुकचुकत असेल, तर नेट काढा, पहारा चालू करा आणि एक्सक्लूजन्सची यादी बघा. तुम्ही न घातलेलं काही असेल तर ते काढा. मग ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. हे विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात, आणि चालू विंडोजमध्ये दडून बसणाऱ्यांना तिथे लपायला जागा मिळत नाही. पासवर्ड बदला, पण त्या संगणकावरून नव्हे, मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच नव्याने मिळवता येतात. मग बँकेचा, मग उरलेले. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतील; नुसता पासवर्ड बदलून त्या सगळीकडे रद्द होतातच असं नाही. चालवलेली गोष्ट क्रॅक होती आणि तिला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी दिली होती, तर मी स्कॅनच्या ‘काही सापडलं नाही’वर विसंबत नाही. कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाजूला काढून विंडोज नव्याने टाकतो. ग्राहक कुरकुरतात, एक दिवस जातो, पण त्या संगणकावरून बँकेचा व्यवहार करायला मी स्वतः धजावेन का, या कसोटीवर दुसरा उपाय मला उतरलेला दिसत नाही.

तुमच्या बाबतीत मला वाटतं तिथपर्यंत गोष्ट जाणारच नाही. प्रोटेक्शन हिस्टरीत नोंद नसेल, तर जुन्या सीडीचा नाद सोडा आणि कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठीचा ड्रायव्हर शोधा. तो नसेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज स्कॅन’ ॲप एकदा लावून बघा; काही स्कॅनर त्यावर कंपनीच्या वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय चालतात. आणि एक्सक्लूजन घालून इन्स्टॉल केलंच, तर स्कॅनरने पहिलं पान नीट काढून दाखवलं की तो फोल्डर यादीतून त्याच बैठकीत काढून टाका.